इतवारीच्या छोट्या गाडीचा रस्ता

मधुसूदन : पुन्हा वाच. तेवढंच वाक्य.

मयुरा : आबा, तिसऱ्यांदा वाचतेय. "दोन हजार एकोणीस साली नागपूरकर पहिल्यांदाच आपल्या शहरात रुळांवरून फिरले."

मधुसूदन : पहिल्यांदाच! मंग आम्ही इतवारीच्या टेशनावर शंभर वर्षं काय भजे तळून राहिलो होतो?

गोपिका : अवो, नातीनं नोकरीचं काम आणलं. आधी ऐकून तर घ्या.

मधुसूदन : ऐकलं ना वं. मेट्रोच्या टेशनात भिंत, भिंतीवर मेट्रोचा इतिहास. काल जन्मलं पोरगं, अजून जावळ काढलं नाही, अन् त्याचं चरित्र लिहून राहिले!

मयुरा : आमच्या एजन्सीकडे ती भिंत सजवायचं काम आलंय. उद्या दहा वाजता शूटिंग आहे. इतवारीतला एखादा जुना माणूस हे वाक्य कॅमेऱ्यासमोर वाचणार, असं ठरलं. रजत सरांना मीच म्हटलं, माझे आजोबा आहेत.

मधुसूदन : मले विचारलं होतं?

मयुरा : नव्हतं. चुकलं माझं. पण तिसराच महिना आहे माझा तिथे, अजून नोकरी पक्की केलेली नाही. तुम्ही आला नाहीत तर ठेवतील असं वाटत नाही.

मधुसूदन : म्हणजे तुही नोकरी टिकवाले मी माह्या रेल्वेतल्या नोकरीले खोटं ठरवू.

मयुरा : छोटी गाडी वेगळी, आबा. ती अरुंद रुळांवरून उमरेड, नागभीडला जायची. ही शहराच्या आत फिरते.

मधुसूदन : अन् भांडेवाडी, दिघोरी काय लंकेत हायेत? दिघोरीची भाजीवाली टोपलं घेऊन आमच्याच गाडीनं इतवारीत उतरे. तुह्या मेट्रोत चढव बरं एक टोपलं! थंड हवेची पेटी ते. भाड्यानं डबा घेऊन केक कापतात म्हणे तिच्यात. आमच्या डब्यात बाया बाळंत झाल्या, कोणी फुगे नाही लावले.

गोपिका : ते मेट्रोचे खांब गाडत होते तवा आम्ही धूळच खाल्ली बाई. माह्या पापडात मीठ कमी अन् सिमेट जास्त.

मयुरा : आजी, तू पण? मागच्या महिन्यात मनीषनगरला देवकी आजीकडे कशी गेली होतीस?

गोपिका : मेट्रोनं. बर्डीले गाडी बदलली अन् सुखानं गेली. गुडघा नाही कुरकुरला. खरं ते खरं.

मधुसूदन : घरातच फितुरी!

मयुरा : सरांशी बोलून पाहिलं मी. मजकूर मंजूर झालाय. एक शब्द बदलायचा तर सगळ्या सह्या पुन्हा.

मधुसूदन : एका शब्दाले इतक्या सह्या! अन् मी बत्तीस वर्षं हातोडी घेऊन रुळावरून चाललो. रूळ धरून ठेवणारी एक चावी ढिली राहिली तर गाडी उलटे. ज्या साली ही खांबावर चढली, त्याच साली आमची छोटी गाडी बंद केली. हे लिहिलं काय भिंतीवर?

मयुरा : नाही.

मधुसूदन : काहून लिहितीन! बारशात कोणी मयताची गोष्ट काढते काय?

गोपिका : मयुरा, पापड लाटताना मी एक म्हणत होती, ते ऐक.
"उमरेडची गाडी बाई, धूर सोडते निळा,
पुढं पुढं चाले तिच्या माह्या कुंकवाचा टिळा."

मयुरा : टिळा म्हणजे आबा?

गोपिका : मंग कोण? गाडीच्या आधी हेच. आपला रुळाचा तुकडा तपासत हद्दीच्या दगडापावतर जात. तिथं पलीकडच्या तुकड्याचा विश्वनाथ भेटे. हे म्हणत, "रस्ता ठीक." तोही म्हणे, "रस्ता ठीक." तवाच दोघं वापस फिरत. गाडीचा शेवटचा दिवस होता ना, तवा यायले रिटायर होऊन आठ वर्षं झाली होती. तरी पहाटेच हातोडी घेऊन गेले.

मधुसूदन : गप बस वं.

गोपिका : काहून गप? दुपारपावतर दगडापाशी बसून राहिले. विश्वनाथ कधीचाच वारला होता, हे यायले माहीत नव्हतं काय?

मयुरा : मग?

मधुसूदन : मंग काय. कोण येणार होतं? आलो वापस.

(मयुरा फोन लावते.)

मयुरा : सर, मयुरा बोलतेय. ते "पहिल्यांदाच" काढावं लागेल... हो, मंजूर झालंय, माहीत आहे. पण खोटं आहे, सर... नाही, आजोबांचा हट्ट नाही. माझं म्हणणं आहे... दुसरं कुणी म्हातारं आणलं तरी वाक्य खोटंच राहील ना?... बरं. येते. बर्डीच्या ऑफिसात, नऊ वाजता.

मधुसूदन : काय म्हणे?

मयुरा : शब्दाचं नंतर बघू म्हणाले, आधी तुझं बघतो.

मधुसूदन : येडी हायेस तू. जाईन ना नोकरी.

मयुरा : जाईल कदाचित.

मधुसूदन : तुह्या त्या सरनं कधी वाकून रूळ पाह्यला काय?

मयुरा : मला नाही वाटत.

मधुसूदन : गोपिके, माहा डूटीवरचा खाकी शर्ट कुठं हाय?

गोपिका : दर दिवाळीले धुऊन घडी घालून ठेवला हाये. कायले पाह्यजे?

मधुसूदन : उद्या नवाले पोरीले एकटीच पाठवू काय त्या माणसापुढं?

गोपिका : अन् बर्डीले जासान कशानं?

मधुसूदन : कशानं म्हणजे? त्या थंड पेटीनं. आता दुसरं ठेवलंच काय हाये.