पेन ड्राइव्हमधलं आत्मचरित्र

आदरणीय अध्यक्ष महोदय, त्यांच्या शेजारी बसलेले प्रमुख पाहुणे, मुख्याध्यापिकाबाई, आज ज्यांना आपण हार घालून घरी पाठवतो आहोत ते आमचे काका, माझे सहकारी, विद्यार्थी, पालक, आणि शेवटच्या रांगेत बसून आत्तापासून खुर्च्या सरकवणारे सर्व सज्जन, तुम्हां सगळ्यांना माझा नमस्कार.

सभागृह खच्चून भरलंय, असं मला सांगण्यात आलंय. मला दिसत नाही, त्यामुळे संयोजकांच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. मागच्या सत्काराला त्यांनी हेच सांगितलं होतं आणि टाळ्या मोजून अकरा पडल्या होत्या. असो.

आमचे काका या शाळेचे कॉम्प्युटर दुरुस्त करतात. सव्वीस वर्षं केले. आधीच्या तीन वक्त्यांनी त्यांना 'तंत्रज्ञानाचा दीपस्तंभ' म्हटलं. काकांना मी इतकी वर्षं ओळखते. ते टेबलाखाली असतात. दीपस्तंभ टेबलाखाली कोण ठेवतं? माझ्या लेखी काका म्हणजे जमिनीलगतून येणारा एक आवाज, "ताई, जरा पाय वर घ्या."

मी इथे ब्रेल मजकूर तपासते. छापलेल्या पानावरून बोट फिरवायचं आणि चूक सापडली की आरडाओरडा करायचा, असं माझं काम. आज मला दहा मिनिटं दिली आहेत आणि काकांची एक आठवण सांगायला सांगितलंय. अध्यक्ष महोदय, ही आठवण तुम्हालाही थोडी लागू आहे, म्हणून पाणी पिऊन घ्यावं ही विनंती.

अकरा वर्षांपूर्वीचा एक रविवार. सोमवारी अकरा वाजता आपल्या वरच्या वर्गाचा गणिताचा पेपर होता. छत्तीस मुलं. आदल्या वर्षी आपलं छापायचं यंत्र बंद पडलं होतं, म्हणून डोळस लेखनिकांनी प्रश्न वाचून दाखवले. एका बाईंनी घाईत एका मुलीला सांगताना 'वजा' हा शब्द गाळला. एकदा नाही, तीनदा. त्या मुलीने वजा नसलेली गणितं अगदी बरोबर सोडवली आणि नापास झाली. ती पुन्हा त्याच वर्गात बसली होती. त्या सोमवारी तिचाही पेपर होता.

म्हणून रविवारी सकाळी नऊ वाजता मी आणि काका पेपर छापायला आलो. बाकी इमारतीत फक्त पहारेकरी. पेपर ठेवलेला कॉम्प्युटर जुना होता. पेपर फुटू नयेत म्हणून तो कुठल्याही नेटवर्कशी जोडलेला नव्हता, आणि ब्रेल छापणारं यंत्र त्याच्याशिवाय कोणाचं ऐकत नव्हतं. काकांनी बटण दाबलं. एक टुक आवाज झाला. मग काहीच नाही.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"म्हणतोय, मी कोण आहे ते मला आठवत नाही."

ज्यांना या विषयात गती नाही त्यांच्यासाठी सांगते, म्हणजे मुख्यतः व्यासपीठासाठी. कॉम्प्युटर जागा झाला की त्याला आधी कोणीतरी सांगावं लागतं, तू कोण, तुझं काम काय. हे सांगणारा मजकूर त्याच्या पोटातच असतो. तो बिघडला की बाहेरून सांगावं लागतं. त्यासाठी डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर तो मजकूर एका विशिष्ट पद्धतीने चढवतात. नुसती फाइल कॉपी करून चालत नाही. नुसता चिकटवलेला पत्ता आणि दाराशी उभा असलेला माणूस यात फरक असतोच ना? आतले पेपर शाबूत होते. फक्त दार उघडणारं कोणी नव्हतं.

पेटी खोलून आतली डिस्क काढता आली असती. पण गोपनीयतेसाठी पेटीला कुलूप होतं आणि किल्ली अध्यक्षांच्या खिशात होती. अध्यक्ष विमानात होते.

काकांनी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पहिली डिस्क तयार केली. घातली. ती गरगर फिरायची, थांबायची, पुन्हा फिरायची.

"काका, हिला दम लागतोय," मी म्हटलं.

"फार वेगाने चढवली. दुसरी सावकाश करतो."

दुसरी अर्ध्या तासाने आली. ती निम्म्यापर्यंत गेली आणि अडकली. तिसरीही तिथेच अडकली. डिस्क वाचणारं भिंगच म्हातारं झालं होतं, डिस्कांचा काही दोष नव्हता. डबा रिकामा झाला.

मग काकांनी स्वतःचा पेन ड्राइव्ह घेतला. तयार केला, पुढच्या खाचेत लावला. कॉम्प्युटरने ओळख दाखवली नाही. काका म्हणाले, मांडणी नव्या पद्धतीची झाली, या म्हाताऱ्याला जुनीच कळते, पुन्हा करतो. पुन्हा करताना तो पेन ड्राइव्ह इतका तापला की मला हातात धरवेना, आणि मेला. पहारेकऱ्याचा एक होता. त्यात गाणी होती. त्याने उदार मनाने दिला, पण तो आकाराने इतका लहान की आपला मजकूर त्यात मावेना. सुट्टीचा दिवस, दुकानं बंद. दुपारचे दोन वाजले.

तेव्हा काका बराच वेळ गप्प बसले. काका गप्प बसले की समजायचं, त्यांना उत्तर सापडलंय आणि ते आवडलेलं नाही.

"ड्रॉवरमध्ये एक आहे," ते म्हणाले. "साहेबांचा."

अध्यक्ष महोदयांनी त्या वेळी आत्मचरित्र लिहिलं होतं. चारशे बारा पानं. त्याचं पहिलं प्रकरण ब्रेलमध्ये छापावं, मुलांना प्रेरणा मिळेल, म्हणून पेन ड्राइव्ह आमच्याकडे दिला होता. त्याला पासवर्ड घातला होता, आणि तो आम्हाला सांगायचं राहून गेलं होतं. आम्हीही मुद्दाम विचारलं नव्हतं.

"आधी कॉपी काढून ठेवा ना," मी म्हटलं.

"पासवर्डशिवाय कॉपी निघत नाही. पुसता मात्र येतं. कुलूप चोराला अडवतं, घर पाडणाऱ्याला नाही."

"त्यांच्याकडे दुसरी प्रत असेल."

"नसेल. ते म्हणाले होते, प्रती काढल्या की चोऱ्या होतात."

काकांनी साहेबांना सात वेळा फोन लावला. सातही वेळा एका बाईने नंतर प्रयत्न करा असं सांगितलं. काकांनी सगळी तयारी केली, पेन ड्राइव्ह ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावला आणि हात काढून घेतला.

"मी दाबणार नाही, ताई. विचारल्याशिवाय दुसऱ्याचं पुसायचं नाही. तीस पानं असोत नाहीतर चारशे. माणसाने बसून लिहिलंय ते."

मी विचारलं, "कुठलं बटण?"

"एंटर. पण तुम्ही..."

एंटर कुठे असतं ते मला कोणी दाखवावं लागत नाही. मी दाबलं.

अध्यक्ष महोदय, तुमचं आत्मचरित्र मी पुसलं. काकांनी नाही.

सभागृहात आत्ता जी शांतता पसरली आहे ती पाहता... माझ्यासाठी हा शब्द जरा विनोदी आहे, पण ती पाहता मी पुढचं लवकर सांगते. कारण पुढचं जास्त वाईट आहे. तो पेन ड्राइव्ह तयार झाला, पुढच्या खाचेत लावला आणि कॉम्प्युटरने पुन्हा ओळख दाखवली नाही. चारशे बारा पानं गेली आणि हातात काही आलं नाही. काकांनी सुरुवात कशावरून करायची तो क्रम बदलून पाहिला. नाही. मी काहीतरी करायचं म्हणून त्या खाचेवर बोट ठेवलं. ती हलत होती, पडायला आलेल्या दातासारखी. मी पेटीच्या मागे हात घातला. कीबोर्डच्या वायरीशेजारी बोटाला दोन खाचा लागल्या, घट्ट, कधी न वापरलेल्या.

"काका, मागे लावा."

त्यांनी लावला. टुक. पेटी घरघरायला लागली. काका म्हणाले, "आलं."

म्हणजे कदाचित काकांचा पहिला पेन ड्राइव्हही मागे लावला असता तर चालला असता. कदाचित ते पुसायची गरजच नव्हती. हे मला त्या क्षणी कळलं आणि काकांनाही कळलं. आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही.

चार वाजता छापायचं यंत्र धडधडायला लागलं. सहापर्यंत छत्तीस प्रती झाल्या. प्रत्येक प्रतीतली प्रत्येक वजा मी बोटाने तपासली. सोमवारी पेपर संपल्यावर ती मुलगी माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "बाई, या वेळी वजा होती." एवढंच म्हणाली आणि गेली. पास झाली, हे वेगळं सांगायला नको. पण मी सांगते, कारण काकांच्या सेवापुस्तकात ते कुठेही लिहिलेलं नाही.

त्यांच्या सेवापुस्तकात काय लिहिलंय? मंगळवारी साहेबांनी आम्हाला बोलावलं. आवाज इतका शांत होता की मला घाम फुटला. "कोणी केलं?" मी तोंड उघडण्याआधी काका म्हणाले, "माझ्या हातून गेलं, साहेब."

मी तिथे उभी होते. मी काहीही बोलले नाही. मला नोकरीला चार महिने झाले होते, कायम व्हायचं होतं, घरी आजारी आई होती. ही कारणं खरी आहेत आणि पुरेशी नाहीत. काकांना निष्काळजीपणाचं पत्र मिळालं. त्यांची खोली काढून घेतली, जिन्याखाली टेबल दिलं. दोन वर्षं ते तिथे वाकून बसले. मी एकदा म्हटलं, मी जाऊन सांगते. काका म्हणाले, "तुम्ही कायम व्हा आधी." मी कायम झाले. तेव्हा म्हणाले, "आता जुनं झालं ते, ताई." आणि मी त्यांचं ऐकलं, कारण ते ऐकणं सोयीचं होतं.

साहेबांनी आत्मचरित्र पुन्हा लिहिलं, हे आपण जाणताच. दुसऱ्या वेळी ते सत्त्याण्णव पानांचं झालं. ब्रेल प्रत मीच तपासली. फार चांगलं आहे. त्यात तुमच्या थोरल्या भावाचं प्रकरण आहे, ते वाचताना माझं बोट थांबलं होतं. पहिल्या चारशे पानांत ते होतं की नाही मला माहीत नाही, आणि आता कोणालाच कळणार नाही. त्यावर मी विनोद करणार नाही.

काका माझी बाही ओढताहेत. म्हणताहेत, पुरे, बसा. अकरा वर्षं मी बसलेच होते, काका. दोन मिनिटं थांबा.

अध्यक्ष महोदय, माझी एकच मागणी आहे. काकांचं सेवापुस्तक आज बंद होईल. ते बंद होण्याआधी त्यातलं ते पत्र काढावं आणि माझ्या पुस्तकात लावावं. माझी अजून नऊ वर्षं आहेत, पत्राला सोबत होईल. जिन्याखालचं टेबलही रिकामंच आहे. मला तिथल्या अंधाराची अडचण नाही.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल संयोजकांचे आभार. त्यांना आत्ता पश्चात्ताप होत असेल. दोन वर्षं नवऱ्याची पाठ चोळणाऱ्या काकूंचे आभार. त्या इथे आहेत आणि त्यांना खरं काय ते आजच कळलं. काकांचे आभार मानायला मला लाज वाटते, म्हणून मानत नाही.

बोलण्याच्या ओघात काही कमीजास्त झालं असेल तर क्षमा करा, असं म्हणून खाली बसायचं असतं. बोलण्यात काही कमीजास्त झालेलं नाही. गप्प राहण्यात झालं. काका, त्याची क्षमा करा. नमस्कार.