आवडलं ते लिहिलं नाही

आदरणीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरचे आमचे संपादकसाहेब, संगीत विद्यालयाचे प्राचार्य, वृत्तपत्रातले माझे सगळे सहकारी आणि समोर बसलेल्या रसिकहो,

माझ्या या निरोप समारंभात माझ्याआधी चार वक्ते बोलले. चौघांनीही मला निःस्पृह समीक्षक म्हटलं. ऐकायला छान वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मधेच संपादकसाहेबांनी माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, “बरं वाटत नाहीये का?” साहेब, नव्हतंच वाटत. का, ते आता सगळ्यांसमोरच सांगतो.

एकवीस वर्षांपूर्वी याच सभागृहात एका तरुण बाईंच्या पियानोवादनाचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. त्यांचं नाव घेणार नाही. तशी त्यांची अट आहे. तिसऱ्या रांगेत मी आणि माझी पत्नी. संथ भाग सुरू झाला आणि बाई रेंगाळू लागल्या. एखाद्या सुरावर थांबायच्या, जणू तो सोडवतच नाही. लय हलत होती, डावा हात मागे पडत होता, हे मला कळत होतं. आणि त्याच वेळी माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. का, ते आजही सांगता येणार नाही. शेजारून हिनं रुमाल पुढे केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयात लिहायला बसलो आणि चक्क घाबरलो. मला आवडलं, ही माझी खासगी बाब. ती वाचायला लोक पेपर उघडतात का? शिवाय त्या काळात नावाजलेले सगळे समीक्षक काटेकोर वादनाची बाजू घेत होते. त्यांच्यात मी एकटाच हळवा ठरलो असतो तर? मी लिहिलं, “लयीचं भान सुटलेलं, पायाखालच्या पेडलचा अतिरेक, भावनेच्या भरात शिस्तीला रजा.” यातला एकही शब्द खोटा नव्हता. तेच तर वाईट.

हिनं चहा घेताघेता ते वाचलं.

“अहो, हे तुम्हीच लिहिलंत?”

“हो.”

“मग काल रुमाल कुणी भिजवला?”

“ती माझी आवड होती. हे माझं मत आहे.”

“माणूस एकच ना?” म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

पाच वर्षं बाईंनी एकही कार्यक्रम केला नाही. मग पुन्हा इथेच आल्या. आता एकही सूर रेंगाळला नाही. डावा हात अगदी चोख. टाळ्या थांबेनात. मी मात्र दोनदा मनगटावरचं घड्याळ पाहिलं. आणि घरी जाऊन असं भरभरून परीक्षण लिहिलं म्हणता! मघाशी प्राचार्यांनी कौतुकानं जो उतारा वाचून दाखवला ना, तो त्यातलाच.

आठवड्याभरानं बाई कार्यालयात आल्या. पर्समधून माझ्या पहिल्या परीक्षणाचं कात्रण काढलं. घड्यांवर फाटलेलं, चिकटपट्टी लावलेलं.

“सर, हे समोर ठेवून पाच वर्षं रियाज केला. आता बरोबर झालं ना?”

मी काय म्हणायला हवं होतं, सांगा? मी म्हणालो, “अगदी बरोबर.” त्या समाधानानं गेल्या. पुढे त्यांचं मोठं नाव झालं. मी त्यांच्यावर आणखी सहा वेळा लिहिलं, सहाही वेळा चांगलंच.

गेल्या महिन्यात निवृत्तीचं पत्र हातात पडलं आणि राहवेना. त्यांच्या घरी गेलो, सगळं सांगून टाकलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, “नेमकी कुठली जागा?”

मी गुणगुणून दाखवली. त्या पियानोपाशी बसल्या. ती ओळ वाजवली. पुन्हा वाजवली. तिसऱ्यांदा वाजवली. तिन्ही वेळा निर्दोष. मग हात मांडीवर घेतले.

“नाही हो येत, सर. तेव्हा मी ठरवून थांबत नव्हते. आता ठरवल्याशिवाय थांबता येत नाही.”

मी माफी मागितली.

“माफीचं मी काय करू? हे कळलंच नसतं तर बरं झालं असतं.”

तरी दारापर्यंत पोचवायला आल्या. म्हणाल्या, “भाषणात सांगायचं तर सांगा. माझं नाव तेवढं नको.”

तेव्हा न सांगून मी चुकलो की आता सांगून, हे महिनाभर विचार करूनही ठरत नाही. ज्याला लोकांनी तीस वर्षं निवाडे करायला बसवलं, त्याला हा एक निवाडा जमत नाही. माझ्या जागी येणाऱ्या ताई समोर बसल्यात. त्यांना उपदेश करायला मी उभा नाही. त्यांनी चुका जरूर दाखवाव्यात. फक्त स्वतःला काय झालं, तेही त्याच परीक्षणात लिहावं, घाबरू नये.

असो. संपादकसाहेबांचे आभार, माझं अक्षर सोसणाऱ्या मुद्रितशोधकांचे आभार, आपण सगळे आलात त्याबद्दल आपले आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. लिहिण्यात जे झालं, त्याची क्षमा या सभागृहाला देता येणार नाही, हे मला कळतं. तरी मागतो.

नमस्कार.