राग म्हणजे काय, हे काकांनी सांगितलं नाही

मंगळवारी सकाळी काकू फोनवर म्हणाल्या, "अरे, हे उठत नाहीयेत." तिथून पुढे मला नीट काही ऐकूच येत नाहीये. काकांना निरोप द्यायला तुम्ही सगळे जमलात. सेक्टरमधले, कारखान्यातले, काहीजण थेट लांबच्या मिसरोदहून. बोल म्हणालात म्हणून उभा राहिलो. रडू येत नाहीये. काहीच येत नाहीये.

वसंतकाकांच्या क्वार्टरमध्ये रविवारी तत्त्वज्ञानाचं वाचन चालायचं. मी कॉलेज अर्धवट सोडलेला. घरी कोणी धड बोलत नव्हतं, म्हणून तिथे जाऊन बसायचो. एकदा एक संस्कृत ओळ आली, ज्याचा राग सुटला तो ज्ञानी, अशा अर्थाची. मी म्हटलं, "सोपंय. संतापू नये." आपले तिवारीजी हसले. "अरे भैया, राग मतलब लगाव! गुस्सा नहीं." लगाव, म्हणजे ओढ, आसक्ती. मग सगळेच हसले. मी तापलो. "मराठीत राग म्हणजे रागच!"

काका हसले नाहीत. बरोबर कोण, तेही सांगितलं नाही. म्हणाले, "बरं. तुला राग कोणाचा येतो?"

"अनघाचा." लग्न करायचं मनात होतं, तिचाच.

"आणि हा तिवारीजी म्हणतात तो लगाव? तो तुझा कोणाशी?"

"तिच्याशीच."

"मग भांडताय कशाला? दोघं मिळून एकच ओळ वाचताय की."

पुढे एकदा त्यांनी विचारलं, "लग्नाचं काय म्हणाली रे अनघा?" मी म्हटलं, "विचारलं नाही. ती काय म्हणणार, मला माहितीये." काका म्हणाले, "वा! तुझंही तूच बोलणार, तिचंही तूच. मग तिने यायचं कशाला?"

ते म्हणायचे, पुस्तक असो की माणूस, त्याला उलटून बोलू द्या. नाहीतर आपला आपल्यालाच आवाज ऐकू येतो, आणि आपल्याला वाटतं, समजलं. आता मी वाद कोणाशी घालू? सांगा ना. तिवारीजी, तुम्ही हसा हवं तर, पण उत्तर द्या. रविवार बंद करू नका.

अनघा बाहेर व्हरांड्यात उभी आहे. काकांसाठी आलीय, माझ्यासाठी नाही. काकू, तुम्ही मघाशी म्हणालात, "जा, आधी तिला विचार." ती नाहीच म्हणेल. बघा, परत मीच बोलतोय.

तुम्ही सगळे दोन मिनिटं शांत उभे राहा. काकांसाठी. मला नाही जमणार. काका, नमस्कार करतो. येतो मी. बाहेर तिच्याशी बोलणं होईल, तुम्हाला त्रास नको, दार ओढून घेतो.