केराबाई बंडगर, घोंगडीसह बेपत्ता

मी, पूनम भ्र. सिद्धनाथ बंडगर, वय २९ वर्षे, धंदा घोंगडी विक्री, रा. सात रस्त्याजवळ, सोलापूर, मूळ रा. ता. माळशिरस, समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून जबाब देते की, मी वरील पत्त्यावर माझे पती सिद्धनाथ व सासू केराबाई येडू बंडगर, वय ६६, यांच्यासह भाड्याच्या खोल्यांत राहते. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या परवा सकाळपासून घरी नाहीत. नात्यात सगळीकडे विचारून झाले. पती मोटारसायकलवर शोधायला गेले आहेत. मला घरात बसवत नाही, म्हणून मी इथे आले आहे.

आमचा धंदा असा की, आत्यांचे भाऊ सिद्धराम मेंढरे राखतात. त्यांच्याकडून लोकर येते, आत्या सूत काततात, गावाकडे मागावर घोंगडी विणून घेतो आणि मी विकते. दारोदार फिरून पाय गळ्यात यायची वेळ आली, तेव्हा मी वेबसाइट करायचे ठरवले. सात रस्त्याला ऑफिस असलेल्या शिवानंद यांनी ती करून दिली. पहिल्या पानावर एकच मोठा फोटो हवा, करणाऱ्या माणसाचा चेहरा दिसायला हवा आणि फोन नंबर गिऱ्हाइकाला शोधावा लागता कामा नये, असे त्यांनी सांगितले. ते बरोबरच होते. मजकूर मी सांगितला. त्यात 'आमची घोंगडी सुरुवातीला टोचते' असे वाक्य होते. शिवानंद म्हणाले, "वहिनी, असं कोण लिहितं का?" मी म्हणाले, "टोचतीया तर टोचतीया. पांघरल्यावर कळणारच की." वाक्य राहिले. त्याच वाक्यामुळे विश्वास वाटला, असे गिऱ्हाईक फोनवर सांगू लागले. याचा तक्रारीशी संबंध नाही असे साहेब म्हणाले, परंतु वेबसाइट चांगली झाली होती, हे मला लिहून हवे आहे. ती भिकार झाली असती तर कुणी ढुंकून पाहिली नसती आणि आत्या आज घरी असत्या.

शिवानंद फोटो काढायला आले त्या दिवशी विकायच्या घोंगड्या बांधून ठेवलेल्या होत्या. अंगणात दोरीवर एकच घोंगडी ऊन द्यायला टाकली होती, ती देवाची. आमच्या घरात बिरोबाच्या नावाची एक घोंगडी पेटीत असते. जागराला ती अंथरून तिच्यावर भंडारा वाहतात. तिच्यावर कोणी बसत नाही, ती कोणी पांघरत नाही. शिवानंद यांना हे माहीत असण्याचे कारण नाही. काळीभोर, पांढऱ्या काठाची ती त्यांच्या डोळ्यात भरली. आत्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या, पदर सारखा केला. फोटो आपलाच काढतात असे त्यांना वाटले. मी काही बोलले नाही, कारण फोटो फारच छान आला.

मग लोक तीच मागू लागले. दुसरी दाखवली तरी नको म्हणत. मी शिवानंद यांना सांगितले की, ही विकायची नाही, हिचे काहीतरी करा, पण फोटो ठेवा, आत्या त्यात छान दिसतात. त्यांनी त्यांच्या पद्धतीने केले. वेबसाइटवर वस्तू एक तर शिल्लक असते, नाहीतर विकलेली. विकायचीच नाही असा प्रकार त्यांच्याकडे नव्हता. फोटोवर तिरकी लाल पट्टी आली, 'विकली गेली'. ती पाहून मला बरे वाटले, आता फोन कमी येतील म्हणून.

आत्यांना वाचता येत नाही. शेजारच्या राजनंदिनीच्या मोबाइलवर स्वतःचा फोटो गल्लीतल्या बायांना दाखवायची त्यांना भारी हौस. राजनंदिनीने परवाच्या आदल्या दिवशी ती पट्टी मोठ्याने वाचली. आत्या तडक घरात आल्या आणि पेटी उघडली. घोंगडी आत होती. मी म्हणाले, "हाय की आत्या, हितंच हाय. ते नुसतं लिवलंय." त्या म्हणाल्या, "समद्या जगाला सांगितलंसा, इकली म्हून. आता देवाला कोण सांगणार, न्हाय इकली?" मला हसू आले व मी हसले. त्या जेवल्या नाहीत. सकाळी पाहिले तर पेटी उघडी होती, घोंगडी नव्हती, आणि आत्यांच्या चपला दारातच होत्या.

गावच्या बिरोबाच्या देवळात त्या पोहोचलेल्या नाहीत. सिद्धराम मामांच्या बिऱ्हाडाबरोबर घरचे देवही फिरतात. आत्या तिकडेच निघाल्या असाव्यात असा माझा अंदाज आहे. पण मामा सध्या मेंढरे घेऊन कुठे आहेत हे सांगता येत नाही. जिथे चारा, तिथे ते. कोणी म्हणते माढ्याकडे दिसले. त्यांचा मोबाइल बंद लागतो. म्हातारी बाई अनवाणी कोणत्या रस्त्याने गेली असेल, याने माझे डोके फुटायची वेळ आली आहे.

जबाब चालू असताना माझा फोन सारखा वाजत आहे. तो बंद ठेवण्यास साहेबांनी सांगितले, मी नकार दिला. आत्यांना जगात हा एकच नंबर पाठ आहे. त्यांनी कुणाच्याही फोनवरून लावला तरी मला अनोळखीच दिसणार. त्यामुळे प्रत्येक फोन उचलावा लागतो आणि प्रत्येकाला घोंगडी हवी असते. आज पुण्याच्या एका बाईंवर मी ओरडले. त्यांचा काही दोष नव्हता. शिवानंद यांनी पट्टी काढली आहे. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही.

आत्या रंगाने सावळ्या, अंगाने बारीक, कपाळावर हिरवे गोंदण, नेसणीस हिरवे लुगडे. मराठी व थोडे कानडी बोलतात.

हा जबाब मला वाचून दाखवत असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे कोणी बोलले नाही. मेंढरांचा आवाज येत होता. मी म्हणाले, "आत्या, मी येते. दोघी मिळून देवाला सांगू. तुमी हाय तितंच बसा." फोन बंद झाला. परत लावला तर उचलत नाहीत. तो नंबर मी साहेबांना दिला असून तो कुठला आहे, हे सगळ्यात आधी पाहावे. राहिलेला जबाब नंतर वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे, म्हणून सही करत आहे. मी आता माढ्याच्या एसटीला जात आहे. आणखी काही विचारायचे असल्यास फोन करावा, मी उचलते.