रोबोटच्या डोक्यावर कावळा

कार्टूनमधल्या नोकराचं सुतक पाळणारं माणूस पाहिलंय का कुणी? आमची पालमची आत्या! सेलूला आमच्या घरी नवीनच टीव्ही आला, तेव्हा ती राहायला आली होती. रविवारी सकाळी चंद्रावर राहणाऱ्या एका कुटुंबाचं कार्टून लागायचं. त्यांच्या घरी नोकर म्हणून एक रोबोट. एका रविवारी तो शेवटी गच्चीवरून पडला, चक्काचूर झाला, घरचे रडले आणि कार्टून संपलं. आत्यानं उठून आमची चूलच विझवली. दिवसभर सगळे उपाशी.

पुढच्या रविवारी बघतो तर रोबोट ठणठणीत, झाडू मारायलाय! मला वाटलं, आता टीव्ही फुटतो. पण आत्या खूश.

"डोक्यावर कावळा बसला असंल त्याच्या. आमच्या ह्यांच्या डोक्यावर बसला तवा आमीबी मेल्याची खोटी तार धाडली व्हती. सगेसोयरे रडले की संकट टळतंय."

"अगं आत्या, कार्टून आहे ते, तो दर रविवारी मरेल!"

"मंग दर रविवारी रडावं लागंल."

तेवढ्यात रोबोट पुन्हा पडला. आत्यानं असा हंबरडा फोडला की अख्खी गल्ली दारात. शेजारच्या काकू तर, मयताच्या घरी नेतात तसा, किटलीभर चहाच घेऊन आल्या.

"कोण गेलं हो?"

आत्यानं डोळे पुसले, किटली घेतली, एक घोट चाखला.

"रोबोट गेला. पुढल्या रविवारी बी जानार हाय. तवा साखर जरा जास्त टाका."