ई का आय, देवाक विचारा

तारकर्लीच्या आमच्या होमस्टेचा बोर्ड रंगवताना काय झालं, ऐका. नाश्ता फुकट, म्हणून इंग्रजीत 'कॉम्प्लिमेंटरी ब्रेकफास्ट' लिहायचं ठरलं. पण त्यातलं मधलं अक्षर ई की आय, यावरून माझी नि बायकोची जुंपली. पेंटर ब्रश धरून ताटकळला. शेवटी बाबा उठले, "देवाक कौल लावया!"

देवळात गुरवाने देवाला दोन पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर ई, डावी पडली तर आय. उजवी पडली. ई रंगवला.

पहिलेच पाहुणे इंग्रजीचे मास्तर निघाले. म्हणाले, "आजोबा, फुकट असेल तर आय हवा. ई घातला की अर्थ 'पूरक' होतो."

बाबांनी त्यांना आणखी एक घावन वाढलं. "मास्तरांनू, देवाचो कौल कसो चुकतलो? इंग्रजांचाच चुकला आसतला!"