अठराचं अ‍ॅव्हरेज

उपेंद्र: ...आणि निपाणीला पोचेपर्यंत टाकी रिकामी झाली पाहिजे. पुढे कर्नाटकात पेट्रोल रुपया-दीड रुपयाने स्वस्त आहे.

श्यामला: आणि निपाणीच्या आधीच रिकामी झाली तर?

उपेंद्र: कशी होईल? सदतीस लिटरची टाकी. इथे नाशिकरोडला फुल करायची. निपाणी चारशे पंच्याऐंशी किलोमीटर, भागिले अठरा, म्हणजे सत्तावीस लिटर. दहा लिटर उरतं.

श्यामला: मग रिकामी कुठे झाली?

उपेंद्र: हिशोबात रिकामी, श्यामल. दहा लिटर अडीअडचणीला. तुला पेट्रोलचं कळत नाही, तू फक्त डबे काय काय घ्यायचे ते बघ.

श्यामला: बघते. पण अठरा कशावरून धरलंत? मागच्या महिन्यात पंधरा आलं म्हणून पंपावर भांडून आलात ना?

उपेंद्र: त्यांच्या पेट्रोलमध्ये भेसळ होती. मी पंप बदलला.

श्यामला: मग या महिन्यात किती आलं?

उपेंद्र: पंधरा.

श्यामला: नव्या पंपावर?

उपेंद्र: नव्या पंपावर. दोघं एकमेकांना सामील असणार. शिवाय मीटरही पळतोय. मी आठवड्यातून एकदा भाजी आणायला जातो आणि काटा दाखवतो मालेगावला जाऊन आल्यासारखा. गॅरेजवाल्या दत्तूला सांगितलंय, मीटर बघ म्हणून. खाली तेच करतोय तो.

श्यामला: सगळ्यांना बघायला लावा.

उपेंद्र: म्हणजे?

श्यामला: काही नाही. पाळणा मावतोय का गाडीत?

उपेंद्र: मागची सीट पाडली की मावतो. कड्या आणि दांडी वेगळी बांधायची. जावईबापूंचा, रोहितरावांचा, काल पुन्हा फोन. बाबा, इतक्या लांब गाडी कशाला काढता, विमानाने या, इथे बंगळुरात पाळणे मिळतात. त्यांनी एक बघून ठेवलाय. बॅटरीवर हलतो म्हणे.

श्यामला: मग तुम्ही काय म्हणालात?

उपेंद्र: म्हटलं, बारशाला पाळणा आजोळचा असतो. तेजश्री याच पाळण्यात निजली, तिची मुलगी पण यातच निजेल. सागवान आहे, ते काय विमानाच्या काउंटरवर ठेवायचं? आणि ट्रान्सपोर्टवाल्यांच्या हातात मी देणार नाही. प्रेसमध्ये तीस वर्षं नोटांची खोकी चढवताना बघितलीत, मला माहीत आहे लोक खोकी कशी टाकतात.

श्यामला: नोटासुद्धा?

उपेंद्र: नोटा जपून टाकतात. आता ऐक. शुक्रवारी सकाळी आठला निघायचं.

श्यामला: आठला?

उपेंद्र: आठला. पाचला कोल्हापूर, तिथे मुक्काम. शनिवारी आठ ते पाच, चित्रदुर्गाला दुसरा मुक्काम. रविवारी दुपारी बंगळूर. बारसं सोमवारी आहे.

श्यामला: लग्न झाल्यापासून तुम्ही मला कुठल्याही प्रवासाला पहाटे चारच्या पुढे झोपू दिलं नाहीत. तेजूच्या दहावीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा गणपतीपुळ्याला अंधारात काढली होतीत गाडी.

उपेंद्र: वय झालं. झोप पूर्ण व्हायला हवी.

श्यामला: दुपारी झोपता की दोन तास. पंखा बंद केला तरी कळत नाही तुम्हाला.

उपेंद्र: आणि एक नियम. वाटेत बोर्ड वाचायचे नाहीत. दत्तूच्या मुलीच्या, ललिताच्या लग्नाला देवळ्याला गेलो तेव्हा तू सगळ्या रस्त्यावरचे बोर्ड मोठ्याने वाचत होतीस. पुढे गतिरोधक आहे. पुढे शाळा आहे. डावीकडून ट्रॅक्टर येतोय. ट्रॅक्टर हा बोर्डसुद्धा नव्हे. एक हजार किलोमीटर मी ते ऐकू शकणार नाही.

श्यामला: बरं.

उपेंद्र: बरं म्हणजे वाचणार नाहीस?

श्यामला: मी नाही वाचणार.

उपेंद्र: आणि हॉलमधली ती निळी उशी कुठे गेली? पाठीला घ्यायची आहे प्रवासात. पंधरा दिवस शोधतोय.

श्यामला: सापडेल. दत्तू आला बघा.

दत्तू: काका, पाहिली गाडी. हवा, ऑइल, कूलंट समदं ओके हाय. मीटर बी चांगला हाय, त्याला काय बी झालं नाय.

उपेंद्र: नीट बघितलास?

दत्तू: नीट पाहिला. पण क्लच प्लेट लय घासली काका. आता बंगळूरपतुर जाईल, पण आल्यावर बदलावी लागंल.

उपेंद्र: क्लच? माझ्या हातची गाडी, दत्तू. सत्तर हजार किलोमीटरला प्लेट बदलली नव्हती मी. माझा पाय क्लचवर कधी नसतो.

दत्तू: तेच म्हनलं मी. अशी प्लेट तं नवीन शिकनाऱ्याची असती. पाय ठिवूनच चालवत्यात ते. आन शीट किती पुढं घेतली व्हती तुमी. ष्टेरिंग पोटाला लागत असंल. मी केली मागं. खाली उशी व्हती निळी, ती बी काढली. ही घ्या.

श्यामला: दे इकडे. चहा घेतोस?

दत्तू: नको काकू. म्या काय... म्या येतो. गिऱ्हाईक थांबलंय.

उपेंद्र: दत्तू.

दत्तू: पैसे नंतर देजा काका.

(दत्तू जातो. जिन्यावरून त्याची पावलं खाली उतरल्यावरच उपेंद्र बोलतो.)

उपेंद्र: उशी निळी आहे.

श्यामला: हो.

उपेंद्र: दुपारी मी झोपतो तेव्हा?

श्यामला: दीड ते साडेतीन. आधी दोन महिने मंगलाबाईंच्या गाडीवर. पंचवटीत त्या बायकांना शिकवतात. मग म्हणाल्या, आता घरची गाडी आणा, घरच्या गाडीची सवय हवी. देवळाली कॅम्पचे रस्ते रुंद आहेत, तिथे जायचो.

उपेंद्र: लायसन्सशिवाय?

श्यामला: लायसन्स आलं. पोस्टमन तुमच्याच हातात देऊन गेला. बँकेचं असेल म्हणून तुम्ही मला दिलंत.

उपेंद्र: त्यावर आर.टी.ओ. लिहिलेलं असतं.

श्यामला: मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं.

उपेंद्र: मी पंपवाल्याला चोर म्हणालो, श्यामल. चार माणसांसमोर.

श्यामला: ऐकलं. वाईट वाटलं मला. पण तेव्हा मला रिव्हर्स येत नव्हता, मग कशाला सांगू?

उपेंद्र: आणि हे सगळं कशासाठी? मी आहे ना चालवायला. तुला काय गाडी घेऊन किटी पार्टीला जायचंय?

श्यामला: तुम्ही रोज रात्री डोळ्यांत थेंब घालता ते कसले?

उपेंद्र: कोरड्या डोळ्यांचे. सांगितलं होतं तुला.

श्यामला: माझ्या वडिलांना हेच थेंब होते. तीच हिरव्या झाकणाची बाटली. त्यांना काचबिंदू होता. ताटातली डावीकडची चटणी त्यांना दिसायची नाही, आई ताट फिरवून ठेवायची. मी आता तुमचं ताट फिरवते. तुमच्या लक्षात आलं नाही अजून.

उपेंद्र: मला वाटलं, तू चटणीची जागा बदललीस.

श्यामला: बिटको चौकात तो दुधवाला डावीकडून आला. तुम्ही ब्रेक लावला नाहीत. मी ओरडले तेव्हा लावलात. आणि मग त्यालाच म्हणालात, बघून चालव.

उपेंद्र: तो चुकीच्या बाजूने आला होता.

श्यामला: तो बरोबर बाजूने आला होता. त्या दिवशी घरी आल्यावर मला भाजी चिरता येईना. तेव्हापासून मी बोर्ड वाचते. मला काही ते वाचायची हौस नाही. आणि दुसऱ्या दिवशी मंगलाबाईंना फोन केला.

उपेंद्र: मला का नाही विचारलंस?

श्यामला: तुम्ही मला का नाही सांगितलंत?

उपेंद्र: ...डॉक्टर म्हणाला, रात्रीची टाळा. लांबची टाळा. डावीकडचं गेलंय ते परत येत नाही, आहे ते थेंबांनी राखायचं.

श्यामला: म्हणजे गाडीच टाळा म्हणाला.

उपेंद्र: तसं तो म्हणाला नाही. तसा त्याचा चेहरा होता.

श्यामला: आणि तुम्ही बंगळूरचा बेत आखलात. नातीच्या बारशाला.

उपेंद्र: शेवटची एक लांबची म्हटलं. रस्ता मला पाठ आहे, श्यामल. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, खंबाटकीचा बोगदा, कराडचा पूल. डोळे मिटून सांगतो.

श्यामला: रस्ता पाठ आहे. रस्त्यावरचे दुधवाले पाठ नाहीत.

उपेंद्र: कोल्हापूरपर्यंत मी, पुढे तू. कोल्हापूरच्या पुढे मी गेलेलोच नाही, तिथे तू नवी आणि मीही नवा.

श्यामला: नाही.

उपेंद्र: पुण्यापर्यंत.

श्यामला: सिन्नरपर्यंतसुद्धा नाही. मला त्या बाळाला बघायचंय. मला तेजूच्या दारात दोघांनी उतरायचंय, गाडीतून, आपल्या पायांनी. मला भीती वाटते हो. तुम्ही किल्ली उचललीत की वाटते. तुम्हाला काही झालं तर, आणि तुमच्या हातून कुणाला काही झालं तर. दुसरं तर जास्तच, कारण ते तुम्ही सहन करू शकणार नाही.

उपेंद्र: ...चहा आहे का?

श्यामला: आहे. हा उजवीकडे कप ठेवलाय.

उपेंद्र: दिसतोय मला.

श्यामला: माहीत आहे. म्हणूनच उजवीकडे ठेवलाय.

उपेंद्र: चढावर गाडी थांबली आणि मागे ट्रक आहे. काय करशील?

श्यामला: हँडब्रेक लावायचा. क्लच अर्धा सोडायचा, गाडी थरथरली की थोडी रेस, मग हँडब्रेक सोडायचा. त्र्यंबक रोडच्या चढावर आठ वेळा केलंय.

उपेंद्र: मागे ट्रक होता?

श्यामला: मागे मंगलाबाईंची स्कूटर होती. त्यांनी हॉर्न ट्रकसारखा वाजवला.

उपेंद्र: ओव्हरटेक?

श्यामला: गरज नसेल तर करायचा नाही.

उपेंद्र: हे कुणी शिकवलं?

श्यामला: तुमच्या शेजारी बसून शिकले. तुम्ही करायचात ते बघून.

उपेंद्र: आणि ही मंगलाबाई क्लचवरचा पाय काढा असं सांगत नाही?

श्यामला: दर मिनिटाला सांगतात. पाय ऐकत नाही. पुढे कुणी आडवं आलं तर, असं वाटतं, म्हणून तिथेच राहतो.

उपेंद्र: मी चालवताना तुझा पाय डावीकडे दाबलेला असायचा. मॅट झिजलं तिथलं. मला वाटायचं, झोपेत दाबतेस.

श्यामला: तुमच्या गाडीत मी कधीच झोपले नाही.

उपेंद्र: ...डावीकडे बसून मी काय करू? बोर्ड डावीकडे, आणि माझी डावीकडचीच बाजू गेलेली.

श्यामला: समोरचा रस्ता सांगा. पाठ आहे म्हणालात ना. पुढे कुठे वळण आहे, कुठे चहा चांगला मिळतो.

उपेंद्र: चंदनापुरीचा घाट उतरताना तिसऱ्यावर ठेवायची. न्यूट्रल करायची नाही. उतारावर पेट्रोल वाचवायला लोक न्यूट्रल करतात, मूर्ख असतात.

श्यामला: नाही करणार.

उपेंद्र: आणि सीट पुढे घे परत. दत्तूने मागे केलीये. उशी घेऊन ठेव, मला पाठीला नको.

श्यामला: घेते. किती वाजता निघायचं मग?

उपेंद्र: सहाला. उजाडल्यावर. घाईत काही चुकायला नको. पहिल्या दिवशी तू थकशील, साताऱ्याला मुक्काम करू. कोल्हापूर दुसऱ्या दिवशी. एक दिवस आधी निघावं लागेल, गुरुवारी.

श्यामला: म्हणजे हॉटेलचा एक मुक्काम वाढला. आणि पेट्रोलचं?

उपेंद्र: तो कागद दे इकडे. वरचं खोड. निपाणी चारशे पंच्याऐंशी, टाकी सदतीसची.

श्यामला: भागिले अठरा?

उपेंद्र: नाही. पंधरा लिही.